मिश्रण यंत्रावरच्या पहिल्या धारेबाबत

प्रति,
माननीय मुख्य अधिकारी साहेब,
औषध निर्मिती विभाग,
मोठ्या रुग्णालयामागची नवी इमारत, पहिला मजला.

अर्जदार : आपल्या विभागात मिश्रण यंत्रावर काम करणाऱ्या बाईची सासू.

विषय : सुनेच्या घरातील वागणुकीबद्दल तक्रार, आणि तिचा बदलीचा अर्ज नामंजूर करण्याबाबत.

संदर्भ : १) सुनेने आपल्याकडे दिलेला बदलीचा अर्ज. २) आपण मला काचेतून यंत्र दाखवलेत तो दिवस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की माझी सून घरात अतिशय वाईट वागत आहे. सदर सून उलटून बोलत नाही.

१) सदर सून पूर्वी अशी नव्हती. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. तर म्हणाली, "मिठाचा डबा तुमच्या हाताशी आहे, आई, माझ्या नाही." मी म्हटलं, एवढी शिकलेली बाई आणि भांडं करपवतेस? तर म्हणाली, "आमच्या यंत्राला काटा असतो, तुमच्या शेगडीला नाही. काटा बसवा, मग बोला." माझ्या घरात माझ्या तोंडाला तोंड देणारं माणूस तोवर जन्माला आलं नव्हतं. मी रागावले, हे खरं. पण साहेब, जेवताना समोर कुणीतरी आपल्या तोडीचं बसलेलं असलं की दोन घास जास्त जातात, हेही खरं.

आता मी काहीही बोलले तरी ती "हो आई" म्हणते. मी मुद्दाम ताट पुढे सारलं आणि म्हटलं, हे माणसांनी खायचं आहे का? "हो आई" म्हणाली आणि ताट उचलून दुसरं वाढून आणलं. मी तिच्या माहेरावरून बोलले. तिच्या आईच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. तरी "हो आई". भिंतीशी भांडलं तर निदान आपला आवाज तरी परत येतो. सबब ही वागणूक घरात राहण्यासारखी नाही.

२) सदर अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शाळेत फार गेलेले नाही, जेवढी गेले तेवढी लक्ष देऊन गेले. अर्जाची पद्धत आमच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त हेडक्लार्कनी सांगितली. 'सदर' आणि 'सबब' हे दोन शब्द त्यांनी दिले आणि म्हणाले, बाई, जपून वापरा. ते असंही म्हणाले की अर्ज एका पानात बसवायचा असतो आणि अर्जात रडायचं नसतं. दुसरी अट मी पाळते आहे. पहिली जमत नाही.

३) प्रकरण आपल्याला माहीत आहे, तरी कागदावर सगळं लागतं म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याच्या घराण्यात एक दुखणं आहे. यकृत एक प्रथिन चुकीचं बनवतं आणि ते आधी पायांच्या नसांत, मग हृदयात साचत जातं. माझे मालक त्यातच गेले. तेव्हा त्याला नावसुद्धा नव्हतं. पाय गेले, मग माणूस गेला, एवढंच लोक बोलायचे. मला दोन मुलं. मोठा, त्याला घरदार दादा म्हणायचं, मीसुद्धा. धाकटी मुलगी, ती अजून छोटीच आहे, तिला स्वतःचा संसार आहे तरी. दुखणं दोघांकडे आलं. बापाचं नाक एकालाही आलं नाही, तेवढं चांगलं होतं.

दादाला चाळिशीच्या आतच पायांत मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही गेल्या. "आई, पायात चप्पल आहे की नाही ते आता खाली बघून कळतं," असं म्हणून हसायचा. एकदा एकाच पायात चप्पल घालून बाजारात जाऊन आला आणि भाजीवालीने सांगितल्यावर तिलाच म्हणाला, "दुसरी तुमच्याकडे ठेवून गेलो होतो ना मी?" असा होता. त्याची बायको आधीपासून आपल्या विभागात कामाला होती. पुढे आपल्याकडे नेमकं याच दुखण्याचं औषध करायचं ठरलं, त्या संध्याकाळी ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, बाई, काय झालं ते सांग, नाहीतर पीठ तरी मळायला घे. तिने पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता सांगितलं.

४) औषध कसं होतं हे मला तिने त्या दिवसांत शिकवलं, आणि ती शिकवत असताना मी तिला पुष्कळ छळलं. यकृताला ते चुकीचं प्रथिन बनवू न देणारं हे औषध एकटं रक्तात सोडलं तर रक्त वाटेतच त्याचे तुकडे करतं. म्हणून ते चरबीत गुंडाळायचं. चरबीचा गोळा पाहिला की यकृत त्याला घरचं समजतं आणि आत घेतं. मी म्हटलं, म्हणजे तुमचं औषध वेष बदलून जाणारं आहे. "जाऊ दे की. पोचल्याशी मतलब," ती म्हणाली. गोळा किती मोठा असं विचारलं तर म्हणाली, सुईच्या टोकावर त्यांचं सगळं गाव बसेल एवढा. मी म्हटलं, मग तुला कसा दिसतो? म्हणाली, "दिसत नाही. यंत्र सांगतं."

चरबी स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते आणि औषध आंबट पाण्यात. दोन पंप दोन्हीकडून ढकलतात. केसासारख्या बारीक वाटेत दोघांची गाठ पडते आणि डोळ्याची पापणी लवण्याच्या आत चरबी औषधाला कवटाळते. मग स्पिरिट धुऊन काढायचं, साखर घालायची, गाळायचं, बाटल्या भरायच्या, गोठवायच्या. साखर कशाला, असं मी विचारलं. गोठताना गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. दादा पलंगावरून म्हणाला, "म्हणजे मला गोड औषध मिळणार. लग्नात तुझ्या घरच्यांनी नुसत्या चहावर भागवलं होतं, त्याची भरपाई." दोघं हसली. मी हसले नाही. चहासुद्धा गार होता.

५) आता मुख्य मुद्दा. यंत्र सुरू केलं की आधी येणारी धार औषधात घेत नाहीत. पंपांना एका चालीवर यायला थोडा वेळ लागतो, तोवर एक पुढे आणि एक मागे असतो. त्या धारेतले गोळे काही मोठे, काही लहान होतात. म्हणून सुरुवातीला नळी शेजारच्या बरणीकडे वळवलेली असते. पंपांची चाल जमली की नळी औषधाच्या भांड्याकडे घ्यायची. हे वळवणं हाताने होतं. तो हात माझ्या सुनेचा.

दादाची बाटली ज्या खेपेत होती त्या दिवशी सुरुवात व्यवस्थित झाली. पहिली धार बरणीत गेली, पुढची औषधाच्या भांड्यात आली. मध्येच नळीत हवेचा बुडबुडा आला आणि यंत्र आपोआप थांबलं. बुडबुडा काढून पुन्हा सुरू केलं. पुन्हा सुरू केलं म्हणजे पुन्हा पहिली धार, आणि पुन्हा नळी बरणीकडे. औषधाचा मूळ अर्क मोजकाच होता. दुसऱ्यांदा टाकलं तर एक बाटली कमी पडणार हे तिला नळी हातात असतानाच कळलं. कमी पडली तर रुग्णांच्या यादीतला शेवटचा क्रमांक पुढच्या खेपेपर्यंत थांबणार, हे आधीपासून ठरलेलं होतं. यादीत नावं नसतात, म्हणून तो कुणाचा हे आपल्याला माहीत नव्हतं. शेवटचा क्रमांक दादाचा होता. तो रुग्णालयाने त्याच्या मनगटावर बांधलेल्या पट्टीवर छापलेला होता. ती पट्टी रोज आंघोळीच्या वेळी भिजू नये म्हणून हीच त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची. इतका तो क्रमांक तिला पाठ होता.

तरी तिने नळी बरणीकडे वळवली.

६) संध्याकाळी घरी येऊन तिने हे स्वतः सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. यंत्र बिघडलं, असं म्हणाली असती तर आम्ही मान डोलावली असती. दादाच्या पायाला तेल लावता लावता तिने सगळं सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली. दादाने खाली आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं झालं. सुया टोचून घेण्याचा मला कंटाळाच आला होता. आणि तू तेल त्याच पायाला दोनदा लावते आहेस." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तिला बोलायचं नाही."

मी त्याच्या देखत बोलले नाही. त्यानंतरचे दिवस जाता येता फक्त भांडी जोरात ठेवली.

पुढची खेप तयार होण्याआधी दादाचं हृदय थांबलं. दुपारची वेळ होती, ती कामावर होती, मी त्याच्यासाठी संत्रं सोलत होते. मी त्याला हाक मारली. त्याने दिली नाही अशी त्याची पहिलीच ओ.

७) डॉक्टरांचं म्हणणं की हृदय आधीच ताठ झालं होतं, एका बाटलीने काही फरक पडला नसता. साहेब, मी कमी शिकलेली आहे, पण मला हे कळत नाही की जी बाटली दिलीच नाही तिने काय झालं नसतं हे डॉक्टरांना कुठे दिसलं. ते चांगले आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलले. मी तो हात काढून ठेवला.

लोक येऊन गेले, घर मोकळं झालं, त्यानंतर मी सुनेला जे बोलायचं ते बोलले. मी म्हटलं, माझ्या मुलाच्या वाट्याचं तू मोरीत ओतलंस. ती म्हणाली, "मोरीत नाही, आई. बरणीत." मी म्हटलं, सगळ्यांच्या औषधात मिसळली नाहीस ते ठीक, पण ती धार वेगळी धरून त्याच्यापुरती एक बाटली भरली असतीस तर कुणाचं काय गेलं असतं? ती म्हणाली, "त्यातले मोठे गोळे एकमेकांना धरून आणखी मोठे होतात, आई. ते फुप्फुसात अडकले असते. तो सुई लावल्या जागी गेला असता. माझ्या हातून." त्यावर मी म्हटलं, तो तसाही गेला.

हे वाक्य माझं आहे. बोललेलं परत घेण्याची माझी पद्धत नाही. पण त्या वाक्यापासून ती "हो आई" वर आली आहे. त्याच आठवड्यात तिने आपल्याकडे अर्ज दिला की मला यंत्रावरून काढून खोकी बांधण्याच्या विभागात टाका. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला तिथेच बसवलं आहे, आणि आता ती दिवसभर रिकामी खोकी घडी करून उभी करते आणि घरी येऊन माझ्यापुढे तशीच उभी राहते.

८) यानंतर मी आपल्या इमारतीत आले ते भांडायला आले होते, हे आपल्याला दारावरच्या माणसाने सांगितलंच असेल. तो म्हणाला, "आजी, कुणाला भेटायचं?" मी म्हटलं, जो माझ्या सुनेला औषध फेकायला शिकवतो त्याला. आपण बाहेर आलात. मला वाटलं हाकलून देणार. आपण माझ्या डोक्यावर कागदी टोपी चढवलीत, पायांत निळ्या पिशव्या घातल्यात आणि काचेपाशी नेलंत. आतलं यंत्र केवढंसं. मला वाटलं होतं गिरणीएवढं असेल. शेजारी ती बरणीही दिसली.

मग आपण मला दोन छोट्या बाटल्या आणून दाखवल्यात. एक चांगल्या धारेची. ती उजेडापुढे धरली तर पाण्यात निळसर सावली असावी तशी. दुसरी पहिल्या धारेची, शिकवण्यापुरती ठेवलेली. तिच्यातलं पाणी गढूळ होऊन तळाशी पांढरं बसलं होतं आणि बाटली कलती केली की त्याचे तुकडे तुटून वर येत होते. आपण काही समजावून सांगितलं नाहीत. खिडकीपाशी खुर्ची दिलीत आणि दुसऱ्या कामाला गेलात. ते बरं केलंत. समजावायला लागला असतात तर मी ऐकलं नसतं.

त्या बाटलीत बघताना मला भलतंच आठवलं. लग्नानंतर बरीच वर्षं माझ्याकडे गायी होत्या. धार काढताना पहिल्या दोन-चार धारा मी नेहमी जमिनीवर सोडायची. सडाच्या तोंडाशी जी घाण असते ती त्यांतून निघून जाते, नाहीतर घागरभर दूध नासतं. दादा तेव्हा पेला घेऊन शेजारी उकिडवा बसायचा. त्याला धीर नसायचा. पहिल्याच धारेखाली पेला धरायचा. मी त्याच्या हातावर चापट मारून पेला बाजूला करायची आणि धार जमिनीवर सोडायची. तो जमिनीवरच्या त्या ओल्या डागाकडे असा बघायचा जणू मी त्याच्या तोंडचा घास काढला. मग नंतरची धार आली की पेला भरून द्यायची. त्याच्या ओठांवर मिशी यायची फेसाची.

सुनेला नंतरची धार द्यायला मिळाली नाही, एवढाच फरक आहे.

९) आता हेडक्लार्क म्हणतात त्याप्रमाणे मागण्या लिहिते.

पहिली. सुनेचा बदलीचा अर्ज फाडून टाकावा. मी निघताना आपण म्हणालात की नवा माणूस तयार होईपर्यंत पुढची खेप लांबणीवर आहे. त्या खेपेत छोटीचा क्रमांक आहे. छोटीला आता पायांत मुंग्या येतात. परवा ती माझ्याकडे आली होती, गरम फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि तिला कळलं नाही. मी पाहिलं, सुनेनेही पाहिलं. सुनेने चप्पल आणून तिच्या पायांपुढे ठेवली आणि पुन्हा भांड्यांकडे गेली. मी छोटीची आई आहे, आणि मला तिचं औषध दुसऱ्या कुणाच्या हातचं नको. नवा माणूस हुशार असेल. पण स्वतःच्या नवऱ्याचा क्रमांक तोंडपाठ असताना नळी वळवणारा हात तुम्ही शिकवून तयार कराल असं मला वाटत नाही. असा हात मिळाला की तो खोकी घडी करायला लावू नये.

दुसरी. त्या बरणीवर 'कचरा' अशी चिठ्ठी आहे, ती मी काचेतून पाहिली. ती काढावी. 'पहिली धार' असं लिहावं. यात आपल्या खात्याचं काही बिघडणार नाही. कुणाच्या तरी घरचा वाटा तिच्यात जातो. कचरा म्हणायचं असेल तर आमच्या घरी काढलेल्या केराला म्हणावं.

तिसरी. त्या दिवशीची बरणी मला मिळावी अशी माझी मागणी होती. आपल्या ऑफिसातून उत्तर आलं की असलं सगळं रुग्णालयाच्या भट्टीत जाळलं जातं आणि ते जाळून झालं. ठीक आहे. ती भट्टी कुठे ते मी शोधून काढलं. धुणीघराच्या मागे, उंच धुरांड्याची. मी तिथे जाऊन उभी राहते. भट्टीवरचा माणूस मला हटकतो, "आजी, चुकलात का? बाह्यरुग्ण विभाग पलीकडे." एकदा त्याने हाताला धरून पलीकडे नेऊन सोडलं आणि मी वळून परत आले. स्मशानात माझा मुलगा जिथून गेला तिथे मी शेवटपर्यंत उभी राहिले होते. त्याच्या वाट्याचं जिथून गेलं तिथे उभं राहायचं राहून गेलं आहे. सबब मला धुणीघरामागे भिंतीलगत उभं राहण्याची लेखी परवानगी मिळावी. मी कशाला हात लावणार नाही. बोलणारही नाही. वाटेत येत असेन तर बाजूला सरकेन. परवानगीवर शिक्का असावा, भट्टीवाला शिक्क्याशिवाय ऐकणारा दिसत नाही.

हेडक्लार्कनी ही तिसरी मागणी वाचली आणि चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, बाई, ही राहू द्या, तशीच राहू द्या.

१०) चौथी मागणी नाही. मुलगा परत मागण्यासाठी कुठल्या खात्याकडे अर्ज करायचा हे मी त्यांना विचारलं होतं. त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं नोकरी करून.

वरील मागण्यांचा आपण माणूस म्हणून आणि मग अधिकारी म्हणून विचार करावा, या क्रमाने. उशीर झाला तर मी पुन्हा येईन, टोपी आणि पिशव्या तयार ठेवाव्यात.

आपली, नमून नव्हे पण मनापासून,

(सही)
दादाची आणि छोटीची आई,
आपल्या विभागातल्या बाईची सासू.

दिनांक : आजचा, मंगळवार.

सोबत :
१) दादाच्या मनगटावरची पट्टी. क्रमांक पडताळून पाहण्यासाठी. पाहून झाली की परत करावी, हरवू नये. ती कोरडी आहे. तिला कधी पाणी लागू दिलेलं नाही.
२) छोटीच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रार वाचून दाखवावी, असं मला वाटलं. सून ओट्यापाशी भाजी निवडत होती. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. भाजीत मीठ कमी, इथपासून. तिने मान वर केली नाही. तेलाचं आलं तेव्हा तिचे हात थांबले. पेल्याचं आलं तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं. मी वाचत राहिले.

दुसरी मागणी वाचून झाली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "आई, बरणीवर 'कचरा' असं लिहिलेलं नाही. 'टाकाऊ' लिहिलंय. आणि माझ्या आईची तुम्ही नक्कल केलीत ते अर्जात कशाला घालायचं?"

साहेब, मी दोन्ही ऐकलं. चिठ्ठीवरचा शब्द आपल्याकडे बरोबर करून घ्यावा, मागणी तीच. नक्कल मी खोडलेली नाही, ती चांगली झाली होती. अर्जाच्या पहिल्या ओळीतली तक्रार मात्र आता अर्धी मागे घेते, कारण ती उलटून बोलली.

मग मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि जे सांगितलं ते इथे लिहिते, म्हणजे कागदावर राहील आणि तिला पुढेमागे नाही म्हणता येणार नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी तुझ्या जागी मी असते तर मी ती धार माझ्या पोराला दिली असती आणि त्याला मारलं असतं. तू नाही दिलीस. तू केलंस ते बरोबर होतं. आता उद्या सकाळी ऊठ, यंत्रावर जा, आणि पहिली धार फेक. छोटीची असली तरी फेक."